परदेशांतील पहिली जत्रा

जत्रा म्हणजे काय, हें मराठवाड्यांतील माणसास सांगावयास नको. महाशिवरात्रीस लातुरास सिद्धेश्वराची जत्रा भरते, मार्गशीर्षांत माळेगांवीं खंडोबाची भरते, आणि आषाढी-कार्तिकीची पंढरीची वाट तर घरोघरची असते. शिरूर अनंतपाळसारख्या लहानशा तालुक्याच्या गांवांतून या जत्रांस निघणारीं माणसें कांहीं गोष्टी कोणी न शिकवतां जाणतात. पहांटे निघावें, शिदोरी बरोबर असावी, लेंकराचा हात सोडूं नये, चुकामूक झाली तर कोठें भेटावयाचें तें आधीं ठरवावें, आणि सगळेंच पाहून होणार नाहीं हें मनांत धरून घर सोडावें. या पांच गोष्टी ज्यास कळल्या, त्यास समुद्रापलीकडची जत्राही अवघड नाहीं. तिचीं कागदपत्रें निराळीं, अंतर अधिक आणि चुकीची किंमत जबर, इतकाच काय तो फरक.

समुद्रापलीकडची ही जत्रा म्हणजे इंग्रजींत जिला थीम पार्क म्हणतात ती. ती नुसता पाळण्यांचा व चक्रांचा मेळावा नव्हे. एखादी कथा, एखादें युग किंवा एखादा चित्रपट घेऊन त्याच्या अनुरोधानें तेथील इमारती, रस्ते, झाडें, वाद्यें व नोकरांचे पोशाख ठरविलेले असतात. इतकेंच काय, पण उपाहारगृहांतील पदार्थांची नांवें सुद्धां त्या कथेस धरून असतात. बाहेरचें जग नजरेस पडूं नये अशी कुंपणाची व झाडांची योजना असते. एकदां प्रवेशाचें तिकीट काढलें कीं आंतील बहुतेक खेळांस पुन्हा पैसे पडत नाहींत. पडतो तो वेळ. गांवच्या जत्रेंत माणूस खिसा सांभाळतो, येथें त्यास घड्याळही सांभाळावें लागतें.

या प्रकाराचा पायंडा पाडला तो वॉल्ट डिस्ने यांनीं १७ जुलै १९५५ रोजीं अमेरिकेंतील कॅलिफोर्नियांत उघडलेल्या डिस्नेलँडनें. आशियांत ती लाट १५ एप्रिल १९८३ रोजीं टोकियोजवळच्या उरायासु शहरीं पोहोंचली. अमेरिकेबाहेर निघालेलें तें पहिलें डिस्नेलँड होय. पुढें २००१ सालीं ओसाका येथें युनिव्हर्सल स्टुडिओज व टोकियोस डिस्नेसी, २००५ सालीं हाँगकाँगचें डिस्नेलँड, २०१० सालीं सिंगापूरच्या सेंटोसा बेटावर युनिव्हर्सल स्टुडिओज, २०१६ सालीं शांघायचें डिस्नेलँड आणि २०२१ सालीं बीजिंगचें युनिव्हर्सल, अशी ही मालिका वाढत गेली. महाराष्ट्रांतही १९८९ सालीं मुंबईजवळ गोराईस एस्सेल वर्ल्ड व २०१३ सालीं खोपोलीजवळ इमॅजिका उघडलें. तेव्हां ही कल्पना आपल्याकडे अगदींच नवी राहिलेली नाहीं. नवा आहे तो तिच्यासाठीं देश ओलांडण्याचा बेत.

हा बेत शिरूर अनंतपाळांतील एखाद्या घरांत कसा उगवतो, तें डोळ्यांपुढें आणावें. घरांत नवरा-बायको, दहा वर्षांचा मुलगा, पांच वर्षांची मुलगी आणि सत्तरीकडे झुकलेले आजी-आजोबा आहेत. थोडी शेती आहे, एक लहानसें दुकान आहे. मुलानें मोबाइलवर जपानच्या थीम पार्कचीं चित्रें पाहिलेलीं आहेत आणि तेथील खेळांचीं नांवें त्यास पाढ्यांहून चांगलीं पाठ आहेत. आजोबांच्या लेखीं प्रवास म्हणजे पंढरपूर किंवा तुळजापूर. मुलगा विचारतो, “बाबा, आपण कधी जायचं?” वडील म्हणतात, “औंदा सोयाबीन चांगलं झालं की बघू.” मुलगा त्या दिवसापासून सोयाबीनचा भाव विचारूं लागतो. मोठ्या माणसानें सहज टाकलेला शब्द लहान मुलानें वचन म्हणून उचललेला असतो, आणि म्हणूनच हा विषय हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. एका बाजूस घराची शिल्लक असते, दुसऱ्या बाजूस मुलाचा विश्वास.

वडिलांच्या उत्तरांत थोडी टाळाटाळ असली, तरी नियोजनाचें पहिलें सूत्रही त्यांतच आहे. सहलीचा पैसा पिकांतून, दुकानांतून किंवा पगारांतून शिल्लक पडलेला असावा. तो सावकाराचा, बँकेचा किंवा क्रेडिट कार्डाचा नसावा. एप्रिल २०१६ मध्यें लातुरास मिरजेहून रेल्वेनें पाणी आणावें लागलें होतें. ज्या जिल्ह्याची ही आठवण आहे, त्या जिल्ह्यांतील घरानें पुढच्या पावसाच्या भरंवशावर करमणुकीसाठीं कर्ज काढणें शहाणपणाचें नव्हे. म्हणून प्रथम एक वही करावी. तिच्या पहिल्या पानावर पुढच्या खरिपाचें बी-खत, मुलांच्या शाळेचा खर्च आणि दुखण्याखुपण्यासाठीं हाताशीं ठेवावयाची रक्कम लिहावी. हें बाजूस काढल्यावर जें उरेल तेंच सहलीचें. दुसऱ्या पानावर पासपोर्ट, व्हिसा, विमानाचें भाडें, मुक्काम, थीम पार्कचें प्रवेशमूल्य, जेवण, तेथील जाणेंयेणें व विमा हीं कलमें घालावीं, आणि सर्वांच्या बेरजेवर दहावा हिस्सा अकल्पित खर्चासाठीं चढवावा. दोन्ही पानांचा मेळ बसला नाहीं, तर सहल एक वर्ष पुढें ढकलावी आणि तसें मुलास वही दाखवून सांगावें. एका वर्षानें मुलांचें कांहीं बिघडत नाहीं. उलट त्यांची उंची वाढते, आणि ती कशी उपयोगीं पडते तें पुढें दिसेलच.

मेळ बसला, तर प्रश्न येतो तो कोठें जावें हा. मुलाच्या मनांत जपान आहे. तेथें टोकियोस डिस्नेलँड व डिस्नेसी हीं दोन स्वतंत्र उद्यानें असून प्रत्येकास एक-एक पुरा दिवस लागतो, आणि युनिव्हर्सल तर ओसाकाला, म्हणजे वेगळ्याच शहरीं. प्रवास लांबचा, खर्च मोठा आणि शाकाहारी जेवण शोधून काढावें लागणारें. हाँगकाँगचें डिस्नेलँड लहान मुलांस सोयीचें. त्याच शहरांत १९७७ पासून चालत आलेलें ओशन पार्कही आहे. तथापि आजी-आजोबांसह निघालेल्या कुटुंबाच्या पहिल्याच परदेशगमनास सिंगापूर अधिक मानवेल. हैदराबादेहून तेथें थेट विमान जातें. युनिव्हर्सलचें उद्यान सुमारें वीस हेक्टरांचें, म्हणजे एका दिवसांत पायीं हिंडून होण्याजोगें आहे. इंग्रजी, मलायी, चिनी व तामीळ या तेथील चार राजभाषा. लिटल इंडिया नांवाच्या भागांत डोसा, भात, आमटी सहज मिळते आणि तेथील कोमला विलास हें शाकाहारी उपाहारगृह १९४७ पासूनचें आहे. नांवांतही परकेपणा नाहीं. सिंगापूर म्हणजे सिंहपूर, आणि सेंटोसा हा मलायी शब्द आपल्या ‘संतोष’ शब्दाचाच भाऊ.

मग मुलाच्या जपानचें काय? येथें पुष्कळ घरांत चूक होते ती अशी, कीं वडीलमाणसें आपसांत ठरवून मोकळीं होतात आणि मुलास निकाल तेवढा कळवितात. त्यापेक्षां भिंतीवर आशियाचा नकाशा लावावा, वही त्याच्यापुढें उघडावी आणि त्यालाच अंतर व खर्च मोजावयास सांगावें. दहा वर्षांच्या मुलास बेरीज येते. आजोबांचे गुडघे, बहिणीचें वय व घरची शिल्लक हीं तिन्ही त्या बेरजेंत धरलीं म्हणजे जपान दुसऱ्या खेपेस आणि सिंगापूर पहिल्या खेपेस, हें तो स्वतःच काढतो. स्वतः काढलेल्या उत्तरावर मूल रुसत नाहीं.

स्थळानंतर काळ. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम एका अंशावर असल्यानें तेथें बाराही महिने उकाडा व पाऊस असतो, आणि नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत पाऊस अधिक. म्हणून महिना ठरवावयाचा तो हवेवरून नव्हे, तर गर्दीवरून. तेथील शाळांना जून महिन्यांत व नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबरअखेर मोठ्या सुट्या असतात. आपल्याकडे मे महिन्यांत शाळा बंद असतात, रान मोकळें असतें आणि मृगाच्या पेरणीस अवकाश असतो. दिवाळीची सुट्टी मात्र शेतकरी घरास सोयीची नाहीं. तेव्हां सोयाबीन काढून लातूरच्या अडतींत घालावयाचें असतें आणि हरभऱ्याची पेरणीही असते. यावरून एक सरळ क्रम निघतो. सोयाबीनचा पैसा हातीं आला कीं दिवाळीस निर्णय करावा, माघापर्यंत पासपोर्ट व तिकिटें उरकावींत, आणि मेच्या पहिल्या तीन आठवड्यांत, शनिवार-रविवार व तेथील सार्वजनिक सुट्या टाळून, थीम पार्कचा दिवस धरावा. जपानचा विचार करणाऱ्यांनीं मात्र एप्रिलअखेर ते मेच्या आरंभीं येणारा तेथील सुट्यांचा आठवडा अवश्य वगळावा.

आतां कागदपत्रें. पासपोर्टाचें काम आतां पूर्वींइतकें दूरचें राहिलेलें नाहीं. २०१७ पासून ठिकठिकाणच्या मोठ्या पोस्टांत पासपोर्ट सेवा केंद्रें निघालीं आहेत. प्रौढांच्या साध्या छत्तीस पानी पासपोर्टास १५०० रुपये शुल्क असून तो दहा वर्षे चालतो. लहान मुलांचा साधारणतः पांच वर्षांचा व त्यास १००० रुपये. अर्ज भरणें सोपें आहे. अडतें तें नांवापाशीं. आधारावर एक स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर दुसरें. आजीचें लग्नापूर्वींचें नांव एका कागदावर, सासरचें दुसऱ्यावर. जन्मतारीख एकीकडे अंदाजानें घातलेली. हीं सर्व प्रथम एकसारखीं करून घ्यावीं, मग अर्ज करावा. पोलिसचौकशीस लागणारे दिवसही हिशेबांत धरावेत. विमानाचें तिकीट पासपोर्टावरील अक्षरांप्रमाणेंच असावें, आणि प्रवासाच्या दिवशीं प्रत्येक पासपोर्टाची मुदत निदान सहा महिने उरलेली असावी.

पासपोर्ट म्हणजे आपल्या सरकारची ओळख. व्हिसा म्हणजे परक्या सरकारची परवानगी. सिंगापूरसाठीं भारतीयांस व्हिसा अधिकृत एजंटामार्फत आधीं काढावा लागतो. याशिवाय पोहोंचण्याच्या आधींच्या तीन दिवसांत आगमनपत्रिका संगणकावरून भरावयाची असते. ती तेथील सरकारच्या संकेतस्थळावर विनाशुल्क भरतां येते. तिच्यासाठीं पैसे मागणाऱ्यांच्या नादीं लागूं नये. जपान व चीन यांसही आधीं व्हिसा लागतो. हाँगकाँगनें २०१७ पासून भारतीयांसाठीं आगाऊ नोंदणीची पद्धति ठेविली आहे, आणि मलेशियानें १ डिसेंबर २०२३ पासून तीस दिवसांपर्यंतच्या मुक्कामास व्हिसाची अट उठविली. असे नियम बदलतात. म्हणून तिकिटाचे पैसे देण्यापूर्वीं त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर ते ताजे पाहून घ्यावेत. शेजाऱ्यानें गेल्या वर्षीं काय केलें यावर विसंबूं नये.

हें सर्व स्वतः करावयाचें, कीं एखाद्या प्रवासी कंपनीबरोबर जावयाचें? महाराष्ट्रांत समूहानें परदेशीं नेणाऱ्या कंपन्यांची परंपरा आतां चांगली रुजली आहे. केसरी १९८४ सालीं निघाली, वीणा वर्ल्ड २०१३ सालीं. मराठी बोलणारा व्यवस्थापक, ओळखीचें जेवण आणि कागदपत्रांची काळजी दुसऱ्यावर, हा त्यांतील मोठा लाभ होय; दिंडींत सामील झालेल्या वारकऱ्यास मुक्कामाची चिंता नसते, तसेंच हें. उणीव इतकीच, कीं दिंडीबरोबर चालावें लागतें. म्हणून पैसे भरण्यापूर्वीं चार प्रश्न लेखी विचारावेत. थीम पार्कमध्यें प्रत्यक्ष किती तास मिळणार? प्रवेशाचें तिकीट रकमेंत धरलें आहे काय? व्हिसा नाकारला गेल्यास किती पैसे परत मिळतील? वृद्धांस मागें राहावयाचें झाल्यास सोय काय? परदेशी सहलीच्या रकमेवर कंपनी आयकराचा कांहीं भाग आधींच गोळा करते. त्याची पावती जपून ठेवावी, कारण तो विवरणपत्र भरतांना वळता करून घेतां येतो.

निघावयाचें कोठून, याविषयीं शिरूरकरांनीं सवयीनें मुंबईकडे पाहूं नये. १९४८ पर्यंत निजामाच्या अमदानींत या भागाची राजधानी हैदराबाद होती. विमानासाठीं आज पुन्हा तीच जवळची. उदगीर-बिदरमार्गें मोटारीनें हैदराबाद गांठणें एका दिवसाचें काम आहे. पण विमानाच्याच दिवशीं घर सोडूं नये. वाटेंत चाक फुटलें किंवा घाटांत वाहतूक तुंबली, तर बस दुसरी मिळते, विमान मिळत नाहीं. आदल्या दिवशीं हैदराबादेस पोहोंचावें आणि सुटण्याच्या तीन तास आधीं विमानतळावर असावें. याच वाटेचा आणखी एक उपयोग करतां येतो. हैदराबादेजवळ १९९६ सालीं निघालेली रामोजी चित्रनगरी आहे. परदेशीं जाण्यापूर्वीं चार-सहा महिने आधीं घरानें तेथें एक दिवस काढावा. मुलगी मोठ्या आवाजास भिते काय, आजोबा किती चालतात, उन्हांत कोण चिडतें, हें त्या एका दिवशीं स्वस्तांत कळतें.

आतां उंचीविषयीं, कारण सर्वांत अधिक रडें यावरूनच होतें. थीम पार्कमध्यें वयाचा विचार तिकिटापुरता. खेळांत बसूं द्यावयाचें कीं नाहीं तें उंची ठरविते. सिंगापूरच्या युनिव्हर्सलमध्यें ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या खेळास १०२ सेंटिमीटर, ‘ममी’स १२२ आणि ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या मोठ्या रोलर कोस्टरला १२५ सेंटिमीटर उंची लागते. दारावर खूण केलेली पट्टी असते आणि तेथें विनवणी चालत नाहीं, कारण आसनाचा अडसर त्या मापाच्या अंगावरच घट्ट बसतो. घरची पांच वर्षांची मुलगी १०६ सेंटिमीटर भरली, तर मोठ्या माणसाबरोबर ती पहिल्यांत बसेल, पुढच्या दोहोंत नाहीं. हें तिला शिरूरच्या घरीं, भिंतीवर पेन्सिलीनें रेघ मारून सांगितलें, तर ती ऐकून घेते. तासभर रांगेंत उभें राहिल्यावर परक्या माणसाच्या तोंडून कळलें, तर त्या दिवसाचा विचका होतो. चपला काढून मोजावें आणि तिला बसतां येईल अशा खेळांची तिची स्वतःची यादी करून द्यावी. तिकिटांतही असेच भेद आहेत. सिंगापूरला चार वर्षांखालील मुलांस प्रवेशमूल्य नाहीं, टोकियोसही नाहीं. हाँगकाँगला मात्र तीन वर्षांच्या मुलास तिकीट पडतें. सिंगापूरला साठीपुढील वृद्धांस सवलत आहे. त्यासाठीं वयाचा पुरावा जवळ असावा.

सामान बांधतांना मराठवाड्याच्या घरास दोन इशारे द्यावेसे आहेत. सिंगापुरांत खाण्याची तंबाखू व गुटखा नेण्यास बंदी आहे, आणि खसखस तेथें अमली पदार्थांच्या कायद्याखालीं येते. तेव्हां आजोबांच्या चंचींतील पुडी घरींच राहावी. आजीच्या मसाल्यांत अथवा अनारशांवर खसखस असेल, तर तो डबाही घरींच राहावा. चुइंगम विकण्या-आणण्यासही तेथें १९९२ पासून मनाई आहे. रोजचीं औषधें डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातांतील पिशवींत घ्यावींत. धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी मुक्कामावर उपयोगी पडते. थीम पार्कच्या दारांतून मात्र बाहेरचें अन्न सहसा आंत नेऊं देत नाहींत. रिकामी बाटली न्यावी. सिंगापूरच्या नळाचें पाणी पिण्यास निर्धोक आहे. बँकेचें कार्ड परदेशांत चालावें म्हणून ती सोय निघण्यापूर्वींच सुरू करून घ्यावी आणि थोडे सिंगापुरी डॉलर रोख ठेवावेत.

प्रत्यक्ष थीम पार्कचा दिवस पोहोंचल्याच्या दिवशीं ठेवूं नये. सिंगापूरचें घड्याळ आपल्यापुढें अडीच तास असतें. रात्रीचें विमान, अर्धी झोप आणि नवें हवामान यांनीं मुलें आधींच कंटाळलेलीं असतात. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशीं, दार उघडण्यापूर्वीं अर्धा तास तेथें हजर राहावें. सकाळीं पहिल्या दोन तासांत रांगा लहान असतात, तेव्हां मुलाचे आवडते दोन मोठे खेळ उरकावेत. दुपारीं उन्हांत छताखालचे प्रयोग पाहावेत. विजा चमकूं लागल्या कीं उघड्यावरचे खेळ थांबवितात. तेव्हां चिडूं नये, तोच जेवणाचा वेळ करावा. जादा पैसे देऊन जलद रांगेंतून जाण्याचें वेगळें तिकीट मिळतें, पण सुट्या टाळून गेलेल्या घरास तें बहुधा लागत नाहीं. मुलगी लहान म्हणून आई-बापांपैकीं एकानें खेळच सोडावा असेंही नाहीं. एकानें बसावें, दुसऱ्यानें मुलगी सांभाळावी, आणि मग पुन्हा रांग न लावतां अदलाबदल करावी, अशी सोय या उद्यानांत असते. दारावरच्या नोकरास विचारावें. कोणता खेळ दुरुस्तीसाठीं बंद आहे, तें निघण्यापूर्वींच संकेतस्थळावर पाहून मुलास सांगून ठेवावें. चुकामुकीसाठीं एक ठळक जागा ठरवावी, आणि मुलांच्या खिशांत आईबापांचा फोन व मुक्कामाचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी घालावी.

राहिले आजी-आजोबा. त्यांस न्यावें कीं नाहीं, हा प्रश्न पुष्कळ घरांत दबक्या आवाजांत बोलला जातो. त्यांनाच मोकळेपणीं विचारणें हें उत्तम. जाण्याचें ठरल्यास दोन महिने आधींपासून रोज सकाळीं चालण्याचा सराव करावा, डॉक्टरांस दाखवावें आणि प्रवासाचा विमा काढतांना जुनीं दुखणीं लपवूं नयेत. लपविलेल्या दुखण्याचे पैसे विमा देत नाहीं. उद्यानांत चाकांची खुर्ची भाड्यानें मिळते, तींत बसण्यांत कमीपणा नाहीं. रक्तदाब किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनीं वेगाच्या खेळांत बसूं नये. प्रयोग, मिरवणूक व बसावयाची सांवली हा त्यांचा वांटा. शिवाय एक सकाळ केवळ त्यांच्या आवडीची असावी. सिंगापुरांत १८२७ सालीं स्थापन झालेलें मारिअम्मन देवीचें देऊळ आहे. समुद्रापार देवी भेटल्याचा आनंद आजीस कोणत्याही पाळण्यापेक्षां मोठा वाटेल. त्यांनीं घरींच राहावयाचें ठरविलें, तर त्यांच्या औषधपाण्याची व सोबतीची व्यवस्था हाही सहलीच्या वहींतील एक खर्चच समजावा.

एवढी तयारी करूनही त्या दिवशीं एखादा खेळ बंद निघेल, पाऊस येईल, मुलगी दुपारींच झोपीं जाईल. जत्रेंतही असेंच होतें, आणि म्हणून कोणी जत्रेस जावयाचें सोडीत नाहीं. पहिल्या परदेशी सहलीचें यश किती खेळांत बसलों यावर मोजूं नये. कर्जाचा एक रुपया डोक्यावर न घेतां घर गेलें आणि परतलें, कोणाच्या वांट्यास फसवणूक आली नाहीं, आणि जें दिसणार नव्हतें तें आधीं सांगितल्यामुळें कोणाचा विरस झाला नाहीं, इतकें साधलें कीं पुरे. त्यासाठीं लागणारी वही, भिंतीवरची पेन्सिलीची रेघ आणि दिवाळीपासूनचे सहा महिने शिरूर अनंतपाळच्या कोणत्याही घरांत आहेत. आणि सोयाबीनचा भाव विचारणाऱ्या मुलास “बघू” याऐवजीं त्या वहीचें पहिलें पान दाखविलें, तर त्याची सहल त्याच दिवशीं सुरू झालेली असते.